वाक्य देणारी बहीण

लिओनीडियाबाईंचा जन्म तंबूतला. ब्राझीलच्या मिनास प्रांतात गावोगाव फिरणारी सर्कस होती ती. अर्धा खेळ कसरतींचा, उरलेला रडक्या नाटकांचा. दर आठवड्याला नवं नाटक, मग पाठ करायला वेळ कुणाला? रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक भोक, त्यात थोरली बहीण जेनेझिया वही घेऊन बसायची आणि हळूच वाक्य पुरवायची. धाकटीने ते उचलून असं म्हणायचं, की पहिल्या रांगेतले रुमाल बाहेर आलेच पाहिजेत.

धाकटीने पुढे रिओत नाव काढलं. टीव्हीवरच्या रात्री आठच्या मालिकेत तिने सुनेला छळणारी मळेवाली इतकी मन लावून केली, की कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने तिला वर्षभर शिळाच पाव दिला. मिळालेल्या बक्षिसांत बाई तो पावही धरायच्या.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी एकपात्री नाटक घेतलं आणि वाक्यं गळायला लागली. तालमीत तिसऱ्यांदा गाडी अडली तेव्हा तरुण दिग्दर्शक व्हाल्मीर अगदी अदबीने म्हणाला, "लिओनीडियाबाई, कानात वाक्यं सांगणारं यंत्र घालू या. नाहीतर प्रयोग रद्द करावे लागतील."

यंत्र घातलं. त्यातला आवाज वाक्य असं द्यायचा, जणू विमानतळावर कुणाची तरी बॅग सापडलीय. बाईंनी ते काढून ठेवलं आणि ताईच्या गावाची, जुईझ दि फोराची बस धरली.

जेनेझिया भट्टीतून चीजचे पाव काढत होती.

"ताई, चल."

"एक्याऐंशीची झाले मी. आणि तुझं अजून पाठ होत नाही?"

"तूच सवय लावली नाहीस."

"घ्या! बक्षिसं हिला, खापर मला," म्हणत तिने बॅग मात्र काढली.

रंगमंचाला भोक पाडलं, आत उशी ठेवली. व्हाल्मीरने यंत्राचे गुण सांगायला सुरुवात केली तशी जेनेझिया म्हणाली, "बाळा, नट थांबला म्हणजे विसरलाच असं नसतं. ते ज्याला कळतं तो प्रॉम्प्टर."

पहिल्या प्रयोगात बाई दोनदा अडल्या. दोन्ही वेळा वाक्य इतकं अलगद आलं, की पहिल्या रांगेलाही पत्ता लागला नाही. मग मेलेल्या मुलाच्या खुर्चीशी बोलायचा प्रसंग आला आणि डोकं कोरं झालं. बाई थांबल्या. खालून काहीच येईना. आता संपलंच, असं त्यांना वाटलं. हातांना काही तरी काम हवं म्हणून त्यांनी खुर्चीच्या पाठीवरची नसलेली धूळ पुसली. पुन्हा पुसली. अंधारात कुणीतरी हुंदका दिला. तेव्हा कुठे वाक्य आपणहून आठवलं.

टाळ्या थांबेनात. व्हाल्मीर धावत मेकअपच्या खोलीत आला, "काय तो विराम!" बाईंनी त्याला बाहेर काढून दार लावलं.

"ताई, वाक्य का नाही दिलंस?"

"विसरली होतीस?"

"सपशेल!"

जेनेझियाने बूट काढून पाय चोळले. "मान वर केली गं मी. वही सोडून तुझ्याकडे कधी बघितलंच नव्हतं. आज बघितलं, तर ओळच हरवली."

बाई बराच वेळ केसांतल्या पिना काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "कशी दिसत होते?"

"म्हातारी."

"आणि?"

"आणि काय? डोळे भरले की वही दिसते का कुणाला?"

"उद्या मान खाली ठेव."

"बघते," जेनेझिया म्हणाली.