अण्णांचा गुडघा

ती प्रयोगशाळेत कृत्रिम गुडघे तपासायची. माणसाच्या पायात बसवण्याआधी प्रत्येक नवा गुडघा यंत्रात अडकवायचा, वरून माणसाच्या वजनाइतका भार द्यायचा आणि कोमट द्रवात महिनोन्‌महिने वाकवत राहायचा. मधूनमधून बाहेर काढून, पुसून, किती झिजला ते बघायचं.

तिचे वडील, अण्णा, बसचे कंडक्टर होते. जन्मभर उभं राहून शेवटी त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टर ऑपरेशनला तयार होते, पण लेकीनंच थांबवलं.

"अण्णा, थोडी कळ काढा. आमच्याकडे एका नव्या गुडघ्याची चाचणी चाललीये. जुन्यापेक्षा कितीतरी जास्त टिकेल."

अण्णांनी लगेच मान्य केलं. शेजाऱ्यांना सांगत सुटले, "माझा गुडघा माझ्याआधीच फिरायला गेलाय. आला की मी निघालोच!"

एका सकाळी तिनं त्या नव्या गुडघ्यातलं प्लॅस्टिक भिंगाखाली धरलं. कडेला बारीक चीर होती. तिनं प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना बोलावलं. बाकीचे नमुने उघडले, तर आणखी दोन नमुन्यांत तेच. तो नवा गुडघा तिथेच बाद झाला.

तिनं डॉक्टरांकडे धाव घेतली. म्हटलं, जुन्या प्रकारचा तर जुन्या प्रकारचा. पण तोवर अण्णांच्या हृदयानं कुरकुर सुरू केली होती. तपासण्या बघून डॉक्टर म्हणाले, "आता भूल देणं धोक्याचं आहे. आधी आला असतात तर..."

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. जेवताना अण्णा एकदम म्हणाले, "तो तुटला तेव्हा आवाज आला का गं?"

"नाही. नुसती चीर होती, केसाएवढी."

"मग तुला दिसली कशी?"

"शोधतच होते ना, अण्णा."

"बरं झालं. माझ्या पायात कुणी शोधली असती?" त्यांनी घास उचलला, पण तोंडापर्यंत नेला नाही. "मला एकदा जिना उतरून खाली जायचं होतं गं. स्टॉपवर जाऊन नुसतं उभं राहायचं होतं."

ती त्यांच्या पायाशी बसून गुडघ्याला तेल चोळत राहिली. अण्णांनीही पाय मागे घेतला नाही.

थंडी सरता सरता अण्णा गेले. ती लगेच कामावर आलेली बघून प्रमुख बाई म्हणाल्या, "अगं, घरी थांब थोडे दिवस."

"घरी कुणासाठी थांबू?" ती म्हणाली आणि तिनं हातमोजे चढवले.