चाचीची शेवटची टोपी

माकणीत आमच्या घराला लागून एक चाचा-चाची राहायचे. ओढ्याकाठच्या शिंदीच्या पाल्यापासून ते उन्हाच्या टोप्या करायचे. धरणावर मासे धरणारे आणि खुरपायला जाणाऱ्या बाया त्याच टोप्या घालत. चाचा पाला कापून आणायचे, भिजवून त्याच्या पट्ट्या काढायचे. चाची त्या पट्ट्यांची लांब वेणी घालायची आणि ती गोल गोल शिवत टोपी उभी करायची. माझा नवरा पुण्याला ट्रकवर, मुलगी लातूरला शिकायला. दुपारी भिंतीपलीकडून चाचीचं बोलणं ऐकू यायचं, तेवढीच मला सोबत.

गेल्या उन्हाळ्यात चाची वारली. चाचा तरीही पाला आणत राहिले. अंगणात भाऱ्यावर भारा वाळत पडला. एकदा भाकरी द्यायला गेले तेव्हा विचारलं, तुम्ही का विणत नाही? ते म्हणाले, "कापायचं माझं, विणायचं तिचं. ती कसं करती ते म्या कधी नीट बघितलंच न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या ओसरीवर बसू लागले. वेणी जमली, पोरीच्या केसांची कितीदा घातली होती. पण शिवायला घेतली की कधी ताटासारखी सपाट व्हायची, कधी शंकूसारखी टोकदार. चाचा बघत बसायचे. चुकतंय हे त्यांना कळायचं, काय चुकतंय ते सांगता यायचं नाही.

एका दुपारी त्यांनी डोक्यावरची टोपी काढून माझ्यापुढं ठेवली. चाचीनं विणलेली तेवढी एकच उरली होती.

"उसव ही. आत दोरा कुठं ओढलाय ते दिसंल."

मी नको म्हणाले आणि घरी आले. सकाळी पाहते तर त्यांनी टोपी पाण्यात भिजत घातलेली. कोरडी उसवली तर पट्ट्या मोडतील म्हणून.

मग मी कडेपासून एकेक टाका कापत गेले. चाचा उघड्या डोक्यानं समोर बसून सुटलेली वेणी हातावर गुंडाळत होते. माथ्याजवळ टाके दाट होते, पुढं कडेला उतरताना सैल. एवढंच होतं ते. तिथंच वेणीत मेंदीनं लाल झालेला एक लांब केस अडकलेला निघाला. चाचांनी तो बोटाभोवती गुंडाळला आणि बराच वेळ ओढ्याकडं बघत राहिले.

त्या आठवड्यात माझी पहिली टोपी झाली. एका बाजूला कललेली, पण डोक्यावर बसणारी. चाचांनी ती घातली. दिवाळीपर्यंत आम्ही बऱ्याच केल्या, धरणावरची माणसं येऊन घेऊनही गेली. मग मुरुमहून त्यांचा मुलगा आला आणि त्यांना घेऊन गेला. त्याचंही चुकलं नव्हतं. इथं त्यांना कोण बघणार? जाताना चाचांनी विळा माझ्या दारात ठेवला.

आता पाला मीच कापते, पट्ट्या मीच काढते, विणतेही मीच. भिंतीपलीकडं कुलूप आहे. दुपार लई लांब होते.

कधीमधी चाचांचा फोन येतो. शिंदीला नवा पाला फुटला का, एवढंच विचारतात. मी व्हय म्हणते. पुढं दोघांनाही काही सुचत नाही, तरी फोन लगेच कुणी ठेवत नाही.