खुर्चीची पूजा

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई लहानपणापासून म्हणायची. नोकरीही मी तशीच शोधली. नाशिक रोडच्या कॉलन्यांमधून स्कूटीवर पार्सलं पोचवायची. जिने चढायचे, बेल वाजवायची, पार्सल हातात द्यायचं, की पुढची गल्ली. घरी आल्यावर चहासुद्धा मी उभ्यानंच प्यायचे. त्यामुळे पस्तिशीत डोळे अधू व्हायला लागले तेव्हा सगळ्यांना माझ्या डोळ्यांची काळजी होती आणि मला पायांची. नजर कडांकडून आत आत मिटत गेली. आधी स्कूटी सुटली, मग नोकरी, मग एकटीनं रस्ता ओलांडणं. आता मला उजेड आणि अंधार तेवढा कळतो. बाकीचं कान आणि हात बघतात.

दोनेक वर्षं घरात काढली. "तुला काय कमी आहे? बस ना निवांत," असं नवरा म्हणायचा. तो ते मायेनं म्हणायचा आणि मला हातातलं भांडं आपटावंसं वाटायचं. शेवटी अपंगांना काम शिकवून नोकरीला लावणाऱ्या एका केंद्रात मी जायला लागले. तिथं पांढरी काठी चालवायला शिकले, मोबाइल बोलका करून वापरायला शिकले, बस पकडायला नव्यानं शिकले. स्क्रू, नट, वॉशर वेगवेगळ्या वाट्यांत ठेवून हातानं जुळणी करायला शिकले. आम्हाला नोकऱ्या मिळवून द्यायचं काम तिथल्या एका मॅडमकडे होतं. त्या स्वतः कुबड्यांवर चालायच्या, आणि तशाच कारखान्यांचे जिने चढून मालकांचं डोकं खायच्या. त्यांनीच मला सातपूरच्या एका लहान कारखान्यात चिकटवलं. तिथं बल्बचे होल्डर बनायचे. तीन महिने ट्रायल, नंतर कायम करायचं की नाही ते मालक सुपरवायझरांना विचारून ठरवणार.

पहिल्या दिवशी मी इतकी लवकर पोचले, की गेट उघडलेलं नव्हतं. सुपरवायझरांनी, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे, माझा हात धरून मला आत नेलं आणि पंख्याखाली एका खुर्चीपाशी उभं केलं.

"बसा ताई. काय घाई नाय."

मी बसले, आणि तिथंच चुकलं. कारण त्यानंतर मला कुणी उठूच देईना. भाऊ निफाडकडचे, मोठ्या आवाजाचे, पण माझ्याशी बोलताना ते आवाज असा खाली आणायचे की जणू मी दवाखान्यात पडले आहे. चहा सगळ्यांत आधी मला. कुणाच्या घरून काही गोडधोड आलं की पहिला घास मला. बाथरूमला जायचं तर जुळणीच्या बेंचवरच्या एक मावशी काम सोडून माझ्याबरोबर यायच्या. काम मागितलं की भाऊ म्हणायचे, "बघू ना ताई. इथं पत्रा कापायच्या प्रेस चालत्यात. तुम्हाला कुठं लागलं, तर मी कोनाला तोंड दाखवू?"

मी रोज मागायचे आणि ते रोज बघू म्हणायचे. शेवटी पिच्छा सुटावा म्हणून त्यांनी मला पुठ्ठ्याचे खोके दुमडायला दिले. सपाट पुठ्ठा घ्यायचा, चार घड्या घालायच्या, तळाशी पट्टी लावायची, की खोका तयार. मी वेड्यासारखी दुमडत सुटले. संध्याकाळपर्यंत माझ्या बाजूला ढीग झालेला असायचा आणि बसमध्ये बोटं दुखत असायची. मला त्या दुखण्याचाही आनंद होता.

मग एका सकाळी एक पुठ्ठा हातात घेतल्याबरोबर आपोआप दुमडला. नव्या पुठ्ठ्याला जोर लावावा लागतो, हा मात्र सवयीनं वाकला. मी कोपरे चाचपले. एक कोपरा फाटलेला होता. तो आदल्या दिवशी माझ्याच नखानं फाटला होता. माझे खोके संध्याकाळी उघडून, सपाट करून, सकाळी परत मलाच दिले जात होते.

मी तिथल्या तिथं हात थांबवले. ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडणार? हे त्यांनी माझं मन रमावं म्हणून केलं होतं. वाईट वागणाऱ्याशी मला छान भांडता येतं. हे लोक चांगले होते, तीच पंचाईत होती.

मॅडमना फोन केला. त्या जराही हळहळल्या नाहीत.

"ते तुम्हाला ठेवतील हो," त्या म्हणाल्या. "दया म्हणून ठेवतील. पण उद्या माल खपेनासा झाला, की पहिली तुमची खुर्ची उचलतील, कारण तिच्यावाचून काही अडत नाही. दसरा झाला की पुढच्या सोमवारी मी येते कायम करण्याचं बोलायला. तोवर कामात शिरा. कसं, ते तुम्ही बघा."

कसं, ते मला कळत नव्हतं. मी खुर्चीत बसून पाय हलवत राहायचे. बाजूला प्रेस दणादण चालायची, बेंचवर बायका स्क्रू पिळता पिळता सुनांच्या तक्रारी करायच्या, आणि मी मधोमध पंख्याखाली. घरी बसणं त्यापेक्षा बरं होतं. घरी निदान नवऱ्यावर चिडता तरी यायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनींची पूजा असते. ज्याची जी मशीन, तिची पूजा त्यानंच करायची, असा तिथला रिवाज. आदल्या दिवशी जो तो आपली मशीन पुसत होता. मी भाऊंना हाक मारून विचारलं, "उद्या मी कशाची पूजा करायची?"

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "करतो ना ताई. तुमची बी सोय करतो."

मला वाटलं, झालं. बेंचवर जागा देणार. येताना मी झेंडू घेतला आणि रात्रीचं जेवण नवऱ्यावर ढकलून माळ ओवत बसले. फूल हातात आलं की मन उगाच पुढं पळायचं. बेंचची कड कशी असेल, माझ्या वाट्या कुठं ठेवतील, स्क्रूड्रायव्हर कुठल्या हाताला. नवरा म्हणाला, केवढी मोठी करतेस. मी म्हटलं, बेंच मोठा आहे.

सकाळी कारखान्यात उदबत्तीचा, झेंडूचा आणि रॉकेलचा वास एकत्र झाला होता. मशिनी बंद. इतकी शांतता मी तिथं कधी ऐकली नव्हती. मी आत गेले तशी कुजबुज थांबली. मावशींनी माझा हात धरून मला नेहमीच्या जागी नेलं.

"हात लावून बघ बरं ताई," त्या म्हणाल्या. आवाजात कौतुक होतं.

मी हात लावला. खुर्चीच्या पाठीवर झेंडूची माळ होती. खुर्चीच्या हातांवर ओलं हळदकुंकू. बसायच्या जागी तांदूळ आणि एक सुपारी.

"कोनाला वगळायचं नाय असं आमचं ठरलं," भाऊ म्हणाले. "सगळ्यांच्या मशिनीला हार, मग तुमच्या बी."

माझ्या पिशवीत माझी माळ होती. ती मला एकदम जड लागली.

"भाऊ," मी म्हटलं, "प्रेसवाला प्रेस चालवतो. मावशी स्क्रूड्रायव्हर चालवतात. मी काय चालवते? खुर्ची?"

मला संताप आला होता आणि रडूही येत होतं. पण रडले असते तर सगळ्यांनी मिळून मला पुन्हा बसवलं असतं, म्हणून दात आवळून उभी राहिले. सवयीनं हात मागं गेला आणि मी खुर्ची चाचपली.

"आता नको बसू तिच्यावर," मावशी घाईघाईनं म्हणाल्या. "पूजा झाली ना. दसरा होईस्तोवर हात लावायचा नाय."

आता ताईंना बसवायचं कुठं, यावर चर्चा सुरू झाली. दुसरी खुर्ची ऑफिसात, ती मालकांची. क्रेटमध्ये माल भरलेला. मालक नारळ फोडायला येणार होते, ते अजून यायचे होते, आणि तोवर घरी कुणाला जाता येत नव्हतं. कुणी म्हणालं पोतं अंथरा. तेवढ्यात मी काठी उघडली आणि चालायला लागले.

"ताई, हळू," भाऊ मागून आले. "तिकडं प्रेस हाय."

"बंद आहे ना?"

"बंद हाय."

"मग काय करणार आहे ती मला?"

मी प्रेसला हात लावला. तिचं गार चाक, तिची माळ, तिच्या पायाशी ठेवलेला नारळ. मग भिंतीच्या कडेनं पुढची मशीन, तिच्या पुढची. वळून परत खुर्ची, आणि तिथून सरळ बेंच. मधे काही नव्हतं. खड्डा नाही, वायर नाही, पायरी नाही. मी तेच अंतर पुन्हा चालले, आणि पुन्हा. इतके दिवस ज्या वाटेची मला भीती घातली होती, ती आमच्या घरातल्या बैठकीच्या खोलीपेक्षा लहान होती. भाऊ माझ्यामागे येत होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता. बिचारे घाबरले होते. पण त्या दिवशी मला त्यांची दया करायला वेळ नव्हता.

बेंचवर स्क्रूड्रायव्हर एका कापडावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलेलं होतं. त्यांना हात लावायचा नव्हता. बाजूच्या ट्रेमध्ये माझी बोटं गेली. बारीक स्प्रिंगा. दुसऱ्या ट्रेमध्ये पितळी पिना.

"मावशी, हे कसं बसवतात?"

"आज नको ताई," भाऊ म्हणाले.

"आज मला बसायला जागा नाही, भाऊ."

मावशींनी ट्रे माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "हत्याराला हात लावायचा नाय. मालाला लावला तर काय होतंय?" त्यांनी होल्डर माझ्या हातात दिला आणि माझं बोट धरून भोकावर ठेवलं. आधी स्प्रिंग, तिच्यावर पिन, अंगठ्यानं दाबून धरायचं, वरून चकती. माझी पहिली स्प्रिंग उडून कुठं गेली कुणास ठाऊक. दुसरीही उडाली. तिसरी बसली, मग पिन वाकडी गेली. मावशी हसायला लागल्या, आणि तिथं आल्यापासून मला पहिल्यांदा कुणी हसलं होतं. मी स्प्रिंगा उडवत राहिले, बायका त्या जमिनीवरून वेचत राहिल्या. भाऊ तिथून हलले नाहीत. मालक आले तोवर माझ्यासमोर तीन-चार होल्डर तयार होते.

मालकांनी नारळ फोडला, पेढे वाटले, आणि माझ्यापाशी येऊन विचारलं, "या नवीन आल्या का?"

"नाय साहेब," भाऊ म्हणाले. "त्याच. खुर्चीवाल्या."

जाताना मी माझी माळ बेंचच्या कडेला बांधली. कुणाला विचारलं नाही.

दसरा झाल्यावर कामावर गेले ती काठी टेकत थेट बेंचपाशी. सगळ्यांना ऐकू जाईल अशी काठी टेकत गेले. भाऊ आले. "ताई, बसा..." म्हणाले आणि थांबले. मग अटी घातल्या. फक्त स्प्रिंगा आणि पिना. बेंचच्या पलीकडं जायचं नाही, प्रेसच्या बाजूला तर अजिबात नाही. मी सगळ्याला हो म्हटलं.

मी हळू होते. मावशींचा ट्रे भरायचा तोवर माझा अर्धाही व्हायचा नाही. पिनेनं अंगठा सोलवटला. भाऊ दिवसभर माझ्या आसपास घोटाळायचे, माल तपासायचे आणि काही न बोलता निघून जायचे. त्या गप्प राहण्यानं माझा जीव वर-खाली व्हायचा. सोमवारी मॅडम विचारतील तेव्हा हे काय सांगतील? बिचारी प्रयत्न करते, असं सांगतील? तसं म्हणाले असते तर मी केंद्रात परत गेले नसते आणि त्या कारखान्यातही. घरी बसले असते. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती होती.

सोमवारी माझं कामात लक्ष नव्हतं. हात चालत होते आणि कान गेटकडे. प्रेस थांबली की कुबड्यांचा आवाज येतो का ते ऐकायचे. आला एकदाचा. भाऊ धावत गेले, "या मॅडम, बसा," म्हणत त्यांना आत आणलं आणि माझ्याच खुर्चीवर बसवलं. पाठीवरची माळ सुकून कडक झाली होती, ती त्यांना टोचली असावी. त्यांनी ती काढून मांडीवर घेतल्याची सळसळ मला ऐकू आली.

"काय मग," मॅडम म्हणाल्या. "आमच्या ताईंना कायम करताय ना?"

भाऊ माझ्या ट्रेपाशी आले होते. त्यांनी एक होल्डर उचलून कानापाशी हलवला. खुळखुळ. दुसरा उचलला. खुळखुळ.

"ओ ताई," ते एकदम प्रेसच्या वरचढ आवाजात ओरडले. "स्प्रिंगा कोन टाकणार? निस्त्या पिना कोंबल्या सगळ्यात! डोकं कुठं ठेवलंय सकाळपासून? पूर्ण ट्रे उघडायचा आन् परत भरायचा. चहा बी नंतर. संध्याकाळी गाडी लागते मालाची, ती काय तुमच्यासाठी थांबणार हाय?"

मला आधी लाज वाटली, कान तापले. आणि मग, ट्रेमधला पहिला होल्डर उघडता उघडता, माझ्या लक्षात आलं की हा आवाज त्यांनी खाली आणला नव्हता. मावशींना झापतात तसंच मला झापलं होतं. माझ्यावाचून गाडी अडली होती. डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी बाहीला पुसलं, कारण हात पिनांनी काळे झाले होते.

मॅडम खुर्चीतून उठल्या. कुबड्या गोळा केल्याचा आवाज आला. "अहो, जरा सांभाळून बोला," त्या भाऊंना म्हणाल्या. "आणि कायम करण्याचं मी विचारलं होतं."

"त्यात काय विचारायचं आता?" भाऊ अजून तापलेलेच होते. "कायमच हाय. हा माल मग कोन नीट करणार?"

मॅडम माझ्याकडे यायला निघाल्या. दोन कुबड्या, मधे पाय, पुन्हा दोन कुबड्या.

"मॅडम, तुम्ही बसा," मी मान वर न करता म्हटलं. "मला आत्ता वेळ नाही."