श्रावणातली तानाबाता

बोलता बोलता ते मध्येच बोट वर करून छताच्या दिव्याकडे बघायचे. दिवा हलत नाही अशी खात्री पटली, की म्हणायचे, "दाइजोबु." म्हणजे सगळं ठीक आहे. त्या वर्षी तुम्ही जपानात असाल, तर असे दिवे तुम्हीही पाहिले असतील. मोठा भूकंप मार्चमध्ये झाला, पण उन्हाळ्यापर्यंत जमीन काही धड शांत बसली नव्हती.

टोकियोजवळच्या इचिकावातले ते माझे शेजारी, एक जपानी आजोबा. सत्तरीचे, बायको गेलेली, मुलगा कंपनीच्या कामात बुडालेला. सून चीनची, दालियानची. अणुभट्टीच्या अपघातानंतर नळाच्या पाण्यात किरणोत्सर्ग आढळल्याची बातमी आली आणि ती तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी गेली. माझीही बायकापोरं पुण्याला गेली होती. समदुःखी म्हणून आमचं जमलं. संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला जायचो. पाणी बाटलीतलं की नळाचं, हे विचारायचा धीर मला कधी झाला नाही.

जुलैच्या सात तारखेला तानाबाता. आकाशगंगेच्या दोन काठांवर ताटातूट झालेलं ताऱ्यांचं जोडपं वर्षातून एकदा भेटतं, म्हणून दारात बांबूची फांदी लावून तिला इच्छा लिहिलेले कागद बांधायचे. दुसऱ्या दिवशी फांदी उतरवायची, हा शिरस्ता. आजोबांनी ती उतरवलीच नाही. पानं वाळून सुरळी झाली. कचऱ्याचा वार कधी न चुकवणारा माणूस, याला झालंय तरी काय, म्हणून गल्लीत कुजबुज सुरू झाली.

"गोष्ट मूळची सुनेच्या देशातली, चीनची," ते मला म्हणाले. "त्यांची सप्तमी चंद्रावर चालते, ती अजून यायचीय. सून म्हणालीय, तोवर येते. कुरुकारुनी-सान, कधी येते हो ती सप्तमी?"

मी पुण्याहून आणलेलं कॅलेंडर काढलं. चिनी वर्ष आपल्या माघाच्या सुमाराला सुरू होतं. तिथून मोजलं तर सातवा महिना श्रावण. शुद्ध सप्तमी, म्हणजे नागपंचमीच्या मागोमागच. आजोबा इतके खूश झाले, की अर्धं कलिंगड माझ्या हातात कोंबलं.

सप्तमी आठवड्यावर आली तेव्हा सुनेचा व्हिडिओ कॉल आला. मी तिथेच होतो. पडद्यावर तिच्या मांडीवर नात, नुकते दात आलेले.

"ओतोसान, इथे कुणी सोडायला तयार नाही," ती सासऱ्यांना म्हणाली. "पण तुम्ही सांगाल तसं करीन. आणू का हिला?"

एका शब्दाचं काम होतं.

"नको आणूस," आजोबा म्हणाले. "मला खात्री नाही. खात्री नसताना बोलावणार नाही."

ती रडायला लागली. आजोबा मात्र नातीला हसवायला तोंडं वेडीवाकडी करत राहिले.

सप्तमीच्या सकाळी ते दारात बसून बांबूचे तुकडे करत होते. "आज तर ती सप्तमी, संध्याकाळपर्यंत तरी राहू द्या," मी म्हटलं. "आज कचऱ्याची गाडी आहे," ते म्हणाले. सुतळीची गाठ त्यांना बसेना, म्हणून एक टोक मी धरलं.

पुढच्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. त्यानंतर सून आली. पोर तिचं बोट धरून, त्या घरात पहिल्यांदाच, चालत आत शिरली.