मावशींच्या वाटणीची शाल

शाल-श्रीफळ हा शब्द ऐकला तरी हल्ली माझं डोकं फिरतं. त्यात चूक माझीही आहे, म्हणून जास्तच.

पनवेलच्या सरकारी दवाखान्यात दर गुरुवारी आमचं मंडळ रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण वाढतं. भाजी आम्ही शहरातल्या बायका आळीपाळीने करतो. भाकऱ्या मात्र नेरे गावच्या एक मावशी आणतात. तांदळाच्या, पन्नास-साठ, पहाटे उठून एकट्या थापतात आणि फडक्यात गुंडाळून टोपलीतून रिक्षाने घेऊन येतात. इतक्या वर्षांत त्यांनी गुरुवार चुकवल्याचं मला तरी आठवत नाही.

मावशींच्या यजमानांना हे अजिबात पसंत नव्हतं. "फुकटच्या भाकऱ्या भाजते, कोन विचारतंय तुला तिथं?" असं येताजाता ऐकवायचे म्हणे. म्हणून मंडळाने स्वयंसेवकांचा सत्कार ठरवला तेव्हा मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, मला काय नको. पन तुमी मला स्टेजवर बोलवाल ना, तवा आमचे हे समोर बसलेले पायजेत."

"आणा त्यांना, पहिल्या रांगेत बसवते," मी म्हटलं. शब्द दिला मी!

शाली मीच आणल्या होत्या. सगळ्या स्वयंसेवकांना पुरून पाहुण्यांसाठी तीन जास्त. मावशींची तेवढी वेगळी, मोरपंखी, माझ्या पिशवीत ठेवली होती. आता आपल्याकडची रीत अशी, की सत्कार कुणाचाही असो, आधी पाहुण्यांचा! पत्रिकेत पाहुणे तीन होते, स्टेजवर बसले डझनभर. कळंबोलीचे एक लोखंडाचे व्यापारी, त्यांचे व्याही, एक माजी नगरसेवक, त्यांच्यामागून आलेले कार्यकर्ते. अध्यक्ष प्रत्येकाला बघून हात जोडत उठायचे आणि माझ्याकडे बोट करायचे. कर्नाळ्याला पक्षी बघायला आलेले कुणाचे तरी मेहुणे, त्यांनासुद्धा शाल! अहो, त्या माणसाने आमच्या दवाखान्याचं दार तरी पाहिलं होतं का?

शाली संपल्या. तेवढ्यात आणखी एक पुढारी आले.

"संपल्या," मी अध्यक्षांना कानात सांगितलं.

"तुमच्या पिशवीत दिसतेय की एक."

"ती मावशींची आहे."

"त्या घरच्याच आहेत हो, त्यांना नंतर देऊ."

आणि मी ती काढून दिली. जन्मभर शाळेत मास्तरकी केली, पोरं माझ्या आवाजाला टरकायची, आणि तिथे एक 'नाही' तोंडातून फुटलं नाही. स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली.

मग भाषणं झाली. लांबलचक. शेवटी निवेदक म्हणाला, "वेळेअभावी सर्व स्वयंसेवकांनी जागेवरच उभं राहावं. त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या!"

पहिल्या रांगेत मावशी उठल्या. कोरं लुगडं, केसांत अबोली. कुठे बघावं ते त्यांना कळेना. यजमानांनी एकदा स्टेजकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"झाला सत्कार? चल," ते म्हणाले आणि चालू लागले. मावशी त्यांच्यामागून निघाल्या. चहालाही थांबल्या नाहीत.

"कार्यक्रम छान झाला हं," अध्यक्ष म्हणाले. डोंबलाचा छान!

पुढच्या गुरुवारी मावशी येतील असं मला वाटत नव्हतं. आल्या. टोपली तीच, भाकऱ्या तेवढ्याच. मी बाजारातून तसलीच मोरपंखी शाल शोधून आणली होती. सगळ्यांसमोर त्यांच्या खांद्यावर घातली, माफी मागितली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मावशींनी शालीवरून हात फिरवला. मग ती उतरवली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"छान हाय, ताई. पन ती तुमीच ठेवा. आमचे हे काय आता परत बघायला येनार नाय."

एवढं बोलून त्यांनी टोपलीवरचं फडकं काढलं आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला भाकरी दिली.