अर्ध्या डोक्याच्या वेण्या

स्टॉकटनमधल्या एका हॉटेलात व्हर्डेल गेन्स सव्वीस वर्षं स्वागताच्या टेबलामागे उभी होती, आणि सव्वीस वर्षं तिच्या डोक्यावर सरळ, तपकिरी केसांचा टोप होता. पहिल्याच आठवड्यात ती कृष्णवर्णीय बायका घालतात तशा बारीक वेण्या घालून गेली, तेव्हा त्या वेळच्या साहेबांनी नीटनेटकी होऊन ये म्हणत तिला घरी धाडलं होतं. तेव्हापासून तिचे खरे केस टोपाखाली राहत आले, स्वतःच्याच घरात लपून राहणाऱ्या माणसासारखे.

यंदा नव्या वर्षापासून कायदा लागू झाला. केसांच्या पोतावरून, ठेवणीवरून कॅलिफोर्नियात कामावर कुणाला अडवायचं नाही. व्हर्डेलने चर्चमध्ये सगळ्यांदेखत सांगून टाकलं की सोमवारी मी माझ्या केसांनी जाणार.

रविवारी दुपारी ती वेण्या घालून घ्यायला थोरल्या बहिणीच्या, ओझेलाच्या, गुडघ्यांमध्ये फरशीवर बसली. ओझेलाचा हात असा घट्ट, की भुवया कपाळावर चढाव्यात. कळवळलं की कंगव्याची पाठ खांद्यावर पडायची. मधे दोघींनी चवळी-भात खाल्ला. सात तासांनी, उजवी बाजू पुरी होता होता, वेण्यांत गुंफायचं गंगावन संपलं. दुकान केव्हाच बंद झालेलं.

“दुकानात खांद्यापर्यंत म्हणालीस म्हणून तेवढंच घेतलं,” ओझेला म्हणाली. “कंबर कुठून आली मधेच?”

व्हर्डेल ओशाळली. वेणी उतरू लागली तसा तिचा जीव धीट झाला होता, एवढंच.

“उद्या टोपच घालते. मंगळवारी बघू.”

“सव्वीस वर्षं तुझा मंगळवारच चाललाय, बाई.”

सोमवारी धुक्यातून ती कामावर गेली. उजवीकडे कमरेपर्यंत वेण्या, डावीकडे मोकळे, कुरळे, ढगासारखे फुललेले केस. नवे साहेब आले, थबकले. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं. मग त्यांनी तीनशे चार नंबरची खोली रिकामी झाली का ते विचारलं. झाली, असं सांगताना तिचा आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

दुपारी तिच्या डावीकडून आलेल्या एका म्हाताऱ्या पाहुण्याने चौकशी केली, सकाळी इथे लांब वेण्यांच्या दुसऱ्या बाई होत्या, त्या कुठे गेल्या?

व्हर्डेलने मान वळवून उजवी बाजू त्याच्यासमोर धरली. “बोला, काय काम होतं?”

संध्याकाळी ओझेला गंगावनाची पुडकी घेऊन हजर झाली. व्हर्डेल म्हणाली, राहू दे गं चार दिवस. वेण्यांची बाई आणि मोकळ्या केसांची बाई, दोघींनाही अजून खूप लोकांना भेटायचंय.