अक्कांच्या चहावरचा आळ

फोन आला तेव्हा माझा की-बोर्ड उशीच्या अभ्र्यात घालून, दोरीनं बांधून तयार होता. रविवारच्या बसनं मी तो नांदेडहून लातूरला अप्पांकडं दुरुस्तीला नेणार होतो. त्यातला 'स' अडकून बसला होता. गावोगावच्या बातम्या टाइप करून पोट भरणाऱ्या माणसाला 'सरपंच' लिहिता येईना म्हणजे धंदाच बसला की. फोन मात्र अप्पांचा नव्हता, अक्कांचा होता. "भाऊजी, अप्पा गेले..." एवढंच. अप्पा म्हणजे माझे थोरले साडू, अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. मिळेल ती एसटी धरली. बायको वाटभर रडत होती, मी तिला सावरत होतो, आणि लातूरला त्यांच्या दारात पोचल्यावर माझ्या ध्यानात आलं की काखेत अभ्रा आहे. सवयीनं उचलला होता. मयताला की-बोर्ड घेऊन आलेला साडू! जमलेल्या बायामाणसांनी आधी अभ्र्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तोवर डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या अक्कांनीही बघितलं. "आता ह्याला कोण बगणार ओ भाऊजी?" म्हणाल्या, आणि मग जो हंबरडा फोडला... अभ्रा कुठं लपवावा ते मला कळेना.

अप्पांचं लग्नपत्रिका आणि क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. पण त्यांचा खरा जीव दुसऱ्यांच्या अडकलेल्या कळांवर. कुणाचीही कळ रुतली, दुबार उठली, दाबल्यावर वर येईना झाली, की अप्पांना उत्साह यायचा. नवा घ्या की, असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, "तुमाला सर्दी झाली तर नवं नाक बसवता का?" की-बोर्ड उपडा धरून, तान्ह्या लेकराची ढेकर काढावी तसे ते त्याच्या पाठीवर थापट्या मारायचे. मग चमच्याच्या दांड्यानं एकेक कळ उचकटायची, साबणाच्या पाण्यात टाकायची, आतली घाण दाढीच्या जुन्या ब्रशनं पेपरवर झाडायची. आणि मग चष्मा कपाळावर चढवून निदान. हे निदान लई वंगाळ. की-बोर्डात काय निघालं यावरून ते अख्ख्या घराची कुंडली मांडत. माझ्या की-बोर्डातून एकदा बुंदीचा दाणा निघाला. मला शुगर. अप्पांनी तो दाणा चिमटीत धरला, उजेडात फिरवला, आणि माझ्यादेखत नांदेडला माझ्या बायकोला फोन लावला. "ताई, तुझा नवरा हाफिसात बसून काय खाऊन राहिलाय, इचार जरा." त्यानंतर कितीतरी दिवस मी कारल्याच्या भाजीवर होतो.

धुतलेल्या कळा ते गच्चीवर वाळत घालायचे, त्याही अक्कांच्या सांडग्यांशेजारी, एकाच धोतरावर. एकदा पंगतीत सासऱ्यांना सांडगा फोडता फुटेना. बघतात तर तेलात फुगलेली 'शिफ्ट'. सासरे तोंडातून काढून एवढंच म्हणाले, "मीठ कमी हाय."

आता मुद्द्याचं. जगभरच्या की-बोर्डांचा हा वैद्य, पण त्याच्या स्वतःच्या की-बोर्डाच्या मधल्या कळा कायम अडकायच्या. आणि त्याचं निदान न उघडताच झालेलं होतं: अक्कांचा चहा. वास्तविक अक्का लग्नाआधी मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेल्या, दहाही बोटांनी टाइप करणाऱ्या. अप्पांची दोन बोटं, आणि तीही एकमेकांना विचारून पडायची. पण चहाचा कप घेऊन अक्का एकदा त्या की-बोर्डापुढच्या खुर्चीवर बसल्या, दुसऱ्या दिवशी कळ अडकली, आणि त्या दिवसापासून अक्कांना ती खुर्ची बंद. त्यांनी बाजूला उभं राहून मजकूर वाचायचा, अप्पांनी टिचटिच करायचं. "एकदा उघडून तर बगा, माझा चहा निघतो का," असं अक्का म्हणायच्या. अप्पांचं ठरलेलं उत्तर, "धंद्याचा हाय. उघडला आन् बिघडला तर लोकांची लग्नं अडतील." दुसऱ्याचं पोट फाडताना हात न कापणारा हा माणूस स्वतःच्या की-बोर्डाला चमचा लावायला भीत होता.

त्यातच एका पत्रिकेचं प्रकरण झालं. 'र' उठलाच नाही, आणि 'सहपरिवार यावे'चं 'सहपिवा यावे' होऊन गठ्ठ्यानं छापून आलं. मुलीचे वडील पत्रिका घेऊन आले. माणूस शांत. "अप्पा, आमच्यात कांदा-लसूण शिवत न्हाईत, आन् तुमी पाव्हण्यांला सोबत बसून पिवा म्हणायलाव?" पत्रिका फुकट छापून द्यायचं कबूल करून अप्पा आत वळले आणि ओरडले, "बघ तुझ्या चहानं काय केलं." मी तिथंच होतो. अक्का चपात्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं जोरात आपटलं. पण त्या चहाचा आळ त्यांना फार लागला होता, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडं आल्या की हातपाय धुण्याआधी विचारायच्या, "भाऊजी, चहानं कळ अडकती का ओ खरंच?" मी म्हणायचो, अडकतेही. काय करणार, चहा सांडला तर अडकतेच.

सगळं क्रियाकर्म आटोपल्यावर, काही आठवड्यांनी मी लातूरला गेलो. दुकान चालवायचं का विकायचं, असा घरात खल चालला होता. अक्कांनी तो विषय बाजूला सारला. की-बोर्ड माझ्यापुढं ठेवला, चमचा आणला. "आधी हे उघडा. माझा चहा असला तर दुकान विकून टाका, मी पुन्यांदा नाव काडणार न्हाई." मी 'र' उचकटला. त्याच्या शेजारची उचकटली. आत चहाचा डाग नाही, साखरेचा चिकटा नाही. सगळीकडं पांढुरकं, दगडासारखं घट्ट बसलेलं काहीतरी. मी म्हटलं, शेजारच्या डाळमिलची धूळ असेल. अक्कांनी नखानं खरवडलं, नाकाला लावलं, आणि बोट माझ्यापुढं धरलं. "भाऊजी, ही विभूती हाय."

मग माझ्याही डोळ्यांपुढं आलं. आंघोळ झाली की कपाळभर तीन पट्टे ओढायचे, दुकानात येऊन नाक कळांना टेकेपर्यंत वाकायचं, अक्षर सापडेना की कपाळ खाजवायचं... आणि वरून घाम. अप्पांचं कपाळच वर्षानुवर्षं त्या मधल्या रांगेवर झडत होतं.

अक्का हसायला लागल्या. हसता हसता उठल्या, उघडा की-बोर्ड दोन्ही हातांत घेऊन भिंतीवरच्या फोटोसमोर धरला. "दावा. कुठाय माझा चहा? दावा की आता." फोटोतल्या अप्पांच्या कपाळावर तेच तीन पट्टे होते. अक्का हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. मला मेल्या माणसाचा राग आला, आणि त्याच्याशिवाय करमेनासंही झालं.

मी कळा धुतल्या, पुसल्या, बसवल्या. अक्कांनी चहा केला. खुर्चीवर बसल्या आणि कप थेट की-बोर्डाला खेटून ठेवला. एका बारशाची पत्रिका टाइपला घ्यायची होती. त्यांची दहा बोटं चालताना मी पहिल्यांदाच बघितली, सरसर, न बघता. दोन ओळी झाल्या आणि थांबल्या. कपाकडं बघत राहिल्या.

"भाऊजी, जरा वरडा की माझ्यावर."

"अक्का, कप बाजूला ठेवा," मी म्हटलं.

"असं न्हाई."

थोरल्या मेव्हणीला अगं-तुगं मी जन्मात केलं नव्हतं. घसा खाकरला आणि जमेल तेवढ्या अप्पांच्या आवाजात ओरडलो, "ए, कप उचल तिथनं."

अक्कांनी निमूटपणे कप उचलला, खाली फरशीवर ठेवला, आणि पुढं टाइप करायला लागल्या.